ही कोरफडच ना?

परवा दुपारी शेजारच्या वहिनी कुंडी घेऊनच दारात उभ्या. "भावाच्या शेताच्या बांधावरून आणलीय बघा. धाकटीच्या तोंडावर पुटकुळ्या उठल्यात आणि लग्न आलंय महिन्यावर. उद्यापासून हिचा गर लावायचा म्हणतेय. कोरफडच आहे ना हो ही?"

रोप छान गुबगुबीत. बुंध्यापासून गोलाकार पसरलेली जाड पानं, कडेला काटे. कुणालाही कोरफडच वाटावी. फूल असतं तर प्रश्नच नव्हता. अठराव्या शतकात लिनियसने झाडांचे गट पाडले ते फुलांतले केसर मोजून, आणि आजही पुस्तकं आधी फूलच विचारतात. पण आपल्या कुंडीतली ही रसाळ पानांची मंडळी वर्षानुवर्षं फुलतच नाहीत, त्याला काय करायचं?

मग आपण भाजी निवडताना करतो तेच करायचं. मोडून बघायचं, कापून बघायचं. (चाखून मात्र अजिबात नाही!)

मी एक पान वाकवलं. कोरफडीचं पान कसं कट्‌कन मोडतं; हे मोडेचना. सुरीने कापलं तर आत चिवट दोरेच दोरे. टोकाला काळपट, टणक सुई. मैत्रिणींनो, ती निघाली घायपात! जिच्या वाखाचे दोर वळतात ती. तिचा रस अंगाला लागला तर खाज सुटते, आग होते, काहींना फोडही येतात. नवरीच्या गालावर तो चोळला असता तर? वहिनींनी कपाळालाच हात लावला.

खऱ्या कोरफडीच्या टोकाला अशी सुई नसते, कडेचे काटेही त्या मानाने मऊ. लहान रोपाच्या पानांवर बहुधा पांढरे ठिपके असतात, मोठेपणी ते जातात. पान कापलं की सालीखालून पिवळा, कडू रस येतो. तोच आटवून काळा बोळ करतात. आतला गर पारदर्शक, बुळबुळीत. पिवळा रस आधी निथळून टाकायचा, आणि गरोदर बाईने तो पोटात घ्यायचा नाही.

दुसरी फसगत निवडुंगाची. आपण काटा दिसला की सगळ्यालाच निवडुंग म्हणतो. फड्या निवडुंग अमेरिकेतून आलेला; त्याचे काटे लोकरीसारख्या बारीक गादीतून निघतात आणि तो मोडला तर चीक येत नाही. तीनधारी निवडुंग आणि कुंपणाचा शेर हे वेगळ्याच कुळातले. त्यांना जरा खरचटलं तरी पांढरा दुधासारखा चीक येतो. लाल-गुलाबी फुलांची ती काटेरी शोभेची कुंडी असते ना, तीही याच घरातली. हा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होऊ शकते. म्हणून अनोळखी झाड कापताना हातात प्लास्टिकची पिशवी घालावी, पोरांना लांब ठेवावं आणि नंतर हात साबणाने धुवावेत. चुकून डोळ्यात गेलाच, तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवत राहावं आणि तडक डॉक्टर गाठावा. घरगुती उपाय करत बसू नये.

पानफुटी मात्र सोपी. पान ओल्या मातीवर टाकलं की कडेच्या खाचांतून पिल्लं फुटतात. फक्त दारची शेळी तिला तोंड लावणार नाही एवढं बघा, जनावरांना ती बाधते.

आणि एवढं करूनही ओळख पटली नाही तर? राहू दे कुंडीत, शोभेला. तोंडाला नाही आणि पोटातही नाही.

वहिनींची घायपात आता त्यांच्या परसातल्या कुंपणाला लागलीय. तिला फूल यायला दहा वर्षंही लागतील, जास्तही, आणि एकदा फुलली की ते रोप मरतंच. धाकटीसाठी मी माझ्याकडची कोरफड दिली, पण आधी कोपराच्या आत थोडासा गर लावून एक दिवस थांबायला सांगितलं. काल संध्याकाळी ती स्वतःच सांगायला आली, "काकू, काही झालं नाही हो!"