जुन्या घरांच्या लाकडाची पारख

चाळीसगाव आणि आसपासच्या खेड्यांतील धाब्याची जुनी घरे झपाट्याने कमी होत आहेत. ३१ ऑगस्ट २०२१ च्या तितूर-डोंगरीच्या पुरात बरीच पडली; राहिलेली स्लॅबसाठी पाडली जातात. त्यांतले खांब, तुळया, चौकटी बहुधा जळाऊ भावाने वजनावर जातात आणि भट्टीत पडतात. त्यात सागही असतो. आपल्या सुतार बांधवांनी हा माल ओळखून घेतला तर रेहल, पाट, चौरंग, पोळपाट, हत्यारांच्या मुठी यांसाठी लाकूड स्वस्तात मिळेल.

माझा धंदा कापडाचा. आम्ही सूत जाळून वासावरून सुती की टेरिकॉट ते सांगतो. लाकडालाही वास आहे, पण काजळी आणि चुन्याखाली सगळी लाकडे सारखीच दिसतात. म्हणून टोकाजवळ वीतभर रंधा मारून पाहावे. साग सोनेरी तपकिरी निघतो, हाताला किंचित तेलकट लागतो आणि जुन्या चामड्यासारखा वास देतो. बाभूळ लालसर व चिवट; मुठींना उत्तम. कडूनिंबाचा भुसा जिभेला कडू लागतो. आंबा फिकट असतो आणि त्याला भुंगा लवकर लागतो. अंजन गडद तांबूस आणि इतके जड की पाण्यात बुडते. रंध्याचे पाते बोथट करते, पण खलबत्त्याच्या दांड्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

तरीही शंका राहिली तर तराजू वापरा. पाच इंच रुंद, चार इंच जाड, आठ फूट लांब तुळई म्हणजे ५ × ४ × ८ भागिले १४४, सुमारे १.१ घनफूट. कोरडा साग घनफुटाला साधारण १८ ते २० किलो भरतो, बाभूळ २२-२३, अंजन ३० च्याही वर. साग म्हणून दिलेली तुळई घनफुटाला २५ किलो भरली, तर एक तर ती ओली आहे किंवा साग नाही. दोन्ही बाबतींत भाव कमी करायला सांगा.

करवतीखाली घालण्याआधी खिळे काढणे सर्वांत महत्त्वाचे. एक तुटका मोळा सॉ मिलचे पाते खराब करतो आणि मग सारा नफा दुरुस्तीत जातो. जुन्या रेडिओच्या स्पीकरचा लोहचुंबक लाकडावरून सावकाश फिरवा. बाभूळ व सागात लोखंडाभोवती निळसर काळा डाग पडतो, तो दिसला की आत खिळा आहे असे समजा. बाहेरचे फिकट लाकूड, म्हणजे पोचट भाग, भुंग्याने खाल्लेला असेल तर तेवढा काढून टाका; आतला गाभा बहुधा शाबूत असतो.

पुरात किंवा पावसात भिजलेले लाकूड उन्हात टाकू नका, तडकते. टोकांना मेण किंवा रंग लावा, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून सावलीत रचा आणि दर आठवड्याला एक फळी तोला. वजन उतरायचे थांबले की लाकूड वाळले. न धुतलेल्या कापडाचा कुर्ता शिवला की पहिल्या धुण्यात आखडतो, तसेच ओल्या फळीची रेहल बनवली की बिजागरीत अडकते. रेहल एकाच फळीतून कापायची असल्याने रेषा सरळ आणि गाठ नसलेली फळी निवडा. सागाला सरस लावायचा असेल तर त्याच दिवशी रंधा मारा. तेलकट पृष्ठावर जोड धरत नाही.

रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर आपल्याकडे मिळतात. त्यांना डांबरी तेल मुरवलेले असते, त्यांचे पोळपाट किंवा मुलांची खेळणी करू नका. जुना रंग लावलेली चौकट जाळू किंवा कोरडी घासू नका, त्या रंगात शिसे असू शकते.

घरमालकाकडून पावती जरूर घ्या. साग गावाबाहेर न्यायचा असल्यास आधी वनखात्याच्या कचेरीत चौकशी करा.