पंखवाली वाळवी : खावी, पण कोठली?

मृगाचा दमदार पाऊस पडून गेला की वारुळातून पंख फुटलेली वाळवी निघते व दिव्याभोवती जमते. तेलुगूत तिला उसिळ्ळु म्हणतात. दिव्याखाली पाण्याचे घमेले ठेवून ती धरतात, भाजतात, सुपात पाखडून पंख उडवतात व मीठ लावून खातात. आपल्यापैकी काहीजण या खाण्याला हलके समजतात. आम्हांस ते योग्य वाटत नाही.

संत योहान बाप्तिस्ता टोळ व रानमध खात असे, हे शुभवर्तमानात आपण ऐकतोच. शेजारच्या गडचिरोलीत माडिया लोक लाल मुंग्यांची चटणी करतात. ओडिशातील मयूरभंजच्या तशाच चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जगात सुमारे २ अब्ज लोकांच्या आहारात कीटक असतात, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१३ साली सांगितले.

वाळवीत प्रथिने व स्निग्धांश भरपूर असतात. लोह व जस्तही मिळते. डाळ महाग असताना हे फुकटचे पोषण आहे. तिला चारा नको, की गोठा नको.

पण आपला जिल्हा कापसाचा आहे, हे विसरून चालणार नाही. ज्याला आपण औषध म्हणतो ते विषच. पैनगंगेपलीकडे यवतमाळात २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले. असे विष किड्याच्या अंगात गेले तर भाजल्याने किंवा धुतल्याने ते निघून जाईल, असा भरवसा धरू नये.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. फवारलेल्या शेतातले वा बांधावरचे किडे खाऊ नयेत. ज्या वारुळात औषध ओतले आहे तेथील वाळवी तर मुळीच नको.
२. आपोआप मरून पडलेले किडे उचलू नयेत. जिवंत धरलेलेच घ्यावेत.
३. त्याच दिवशी खरपूस भाजावेत. ओलसर साठवू नयेत.
४. झिंगे, खेकडे खाऊन ज्यांच्या अंगावर पित्त उठते त्यांनी हे टाळावे.
५. लहान मुलांना प्रथम थोडेच द्यावे.

पडीक जमिनीवरचे एखादे वारूळ पिकाला त्रास देत नसेल, तर त्यात औषध न ओतता ते तसेच राहू द्यावे. दरवर्षी पहिल्या पावसात ते घराला चार घास देईल.