गोळ्यांचाही ताळेबंद

गेल्या वर्षी मे महिन्यात वडील साताऱ्याहून आमच्याकडे नॉयडाला आले. वय बहात्तर, मधुमेह जुना, क्रिएटिनिन वाढलेले. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन व लघवी वाढविणारी गोळी ते नियमाने घेत. पारा ४४ अंशांवर असताना त्यांना जुलाब सुरू झाले. दोन दिवस पोटात अन्नपाणी ठरेना. गोळ्या मात्र त्यांनी एकदाही चुकविल्या नाहीत. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकची गोळी मीच आणून दिली. तिसऱ्या दिवशी त्यांना उभे राहवेना. रुग्णालयातील तपासणीत रक्तातील पोटॅशियम ६.४ निघाले. सर्वसाधारणपणे ते ३.५ ते ५ असते. फार वाढल्यास हृदयाची लय बिघडू शकते.

सुदैवाने उपचार वेळेवर मिळाले. मग डॉक्टरांनी कारण उलगडून सांगितले. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल यांसारखी औषधे मूत्रपिंडाच्या गाळणीतील दाब उतरवितात. लघवीतून प्रथिने जाणाऱ्या रुग्णाचे मूत्रपिंड त्यामुळे अधिक काळ टिकते; मधुमेही रुग्णांत लोसार्टनचा हा लाभ २००१ मध्ये सिद्ध झाला. परंतु शरीरातील पाणी आटले की तोच उतरलेला दाब अपुरा पडतो, पोटॅशियमही साठते. त्यात वेदनाशामक गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटविते. तारणहारच असा संकटाचे कारण ठरतो.

दोन औषधे मिळून दुहेरी संरक्षण, हा हिशेबही चुकीचा. लोसार्टन व लिसिनोप्रिल एकत्र देणारा अमेरिकेतील मोठा अभ्यास याच धोक्यांमुळे मुदतीपूर्वी थांबविला गेला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

मूत्रपिंडविकार असलेल्यांनी म्हणून काही पथ्ये पाळावीत. अशी गोळी सुरू केल्यावर वा मात्रा वाढविल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासावे. क्रिएटिनिन किंचित वाढणे अपेक्षितच असते. तीस टक्क्यांहून अधिक वाढ झाल्यास मात्र डॉक्टरांनी कारण शोधावे लागते. उलट्या-जुलाब होताच कोणती गोळी थांबवावी व पुन्हा केव्हा सुरू करावी, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे. ‘कमी सोडियम’चे मीठ बहुधा पोटॅशियमयुक्त असते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली, तेव्हा मूत्रपिंडविकार असलेल्यांना त्यातून वगळले. उन्हाळ्यात हवेहवेसे वाटणारे शहाळ्याचे पाणीही विचारूनच घ्यावे.

मात्र भीतीपोटी गोळी परस्पर बंद करणे तितकेच घातक. वडिलांची गोळी कमी मात्रेत पुन्हा सुरू झाली आहे. आता त्यांच्या डबीत एक चिठ्ठी असते : ‘जुलाब झाल्यास आधी फोन, मग गोळी.’