कापसाच्या मुलुखातील बंडखोर तबकड्या

वऱ्हाडातील रिठदच्या काळ्या रानात कपाशी वेचणाऱ्या हातांचा अमेरिकेतील टेक्सस प्रांताशी काही संबंध असण्याचे कारण नाही. परंतु ज्या संगीताविषयी येथे लिहावयाचे आहे त्याचा एक अग्रणी, विली नेल्सन, हा १९३३ साली त्या प्रांतातील ॲबट नामक खेड्यात जन्मला, आजी-आजोबांच्या छत्राखाली वाढला आणि बालवयातच लोकांच्या शेतांत कापूस वेचू लागला, एवढे सांगितले म्हणजे वऱ्हाडातील वाचकाच्या दृष्टीने त्या परक्या मुलुखाचे अर्धे परकेपण तेथेच सरते.

‘कंट्री’ हे मूळचे अमेरिकेच्या दक्षिणेतील कष्टकऱ्यांचे गाणे. विरह, दारू, देव आणि तुरुंग या विषयांभोवती ते पिढ्यानपिढ्या फिरत आले. १९६० च्या आगेमागे नॅशव्हिल शहरातील ध्वनिमुद्रिका-कंपन्यांनी त्यावर व्हायोलिनवृंदाचा व समूहस्वरांचा गुळगुळीत मुलामा चढविला. गायकाने कोणते गीत गावे, साथीस कोणी बसावे, निर्माता कोण असावा, याचे हुकूम कचेरीतून सुटत. गावोगाव त्याच्याबरोबर हिंडणारे साथीदार तबकडीच्या वेळी बहुधा बाहेरच बसत. पुढे ‘आउटलॉ’ या नावाने जो संप्रदाय गाजला, त्याच्या दाढ्या, लांब केस व व्यसने यांचीच चर्चा फार झाली. माझ्या मते त्या बंडाचे खरे कागदपत्र म्हणजे करारनामे होत.

याच संप्रदायातील गायक वेलन जेनिंग्जने १९७२ मध्ये आरसीए कंपनीशी नव्याने करार करून आपल्या ध्वनिमुद्रणाची मुखत्यारी स्वतःकडे घेतली, आणि तिचे फळ म्हणजे १९७३ ची ‘हाँकी टाँक हीरोज’ ही तबकडी. तीतील एक वगळता सर्व गीते बिली जो शेव्हर या लाकडाच्या गिरणीत बोटे गमावलेल्या टेक्ससवासी कवीची आहेत. श्रवणास आरंभ करावयाचा तो येथून करावा. भाषा न कळली तरी त्या घोगऱ्या, भरदार आवाजातील बेपर्वाई कळते.

तथापि या साऱ्यांत मुकुटमणी कोणता, असे विचारल्यास मी नेल्सनच्या १९७५ मधील ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’कडे बोट दाखवीन. पत्नीचा व तिच्या प्रियकराचा वध करून रानोमाळ भटकणाऱ्या एका धर्मोपदेशकाची ती सलग कथा असून, आख्यान ऐकण्याची सवय असलेल्या मराठी श्रोत्यास तिची बांधणी सहज उमगावी. टेक्ससमधील गार्लंड येथे अल्प खर्चात मुद्रित झालेल्या या तबकडीत गिटार, बहीण बॉबीचा पियानो, माफक तालवाद्ये आणि पुष्कळशी शांतता एवढाच मुख्य सरंजाम आहे. कोलंबिया कंपनीच्या अधिकाऱ्यांना तो कच्चा खर्डाच वाटला. परंतु अंतिम निर्णयाचा अधिकार करारनाम्याने गायकास दिलेला असल्यामुळे त्यांचा नाइलाज झाला, आणि तीतील ‘ब्लू आइज क्राइंग इन द रेन’ हे जुने गीत नेल्सनला गायक म्हणून प्रथमच कंट्रीच्या यादीत अग्रस्थानी घेऊन गेले.

यश दिसताच व्यापाराची बुद्धी जागी झाली. १९७६ मध्ये आरसीएने बहुतांशी जुनीच ध्वनिमुद्रणे एकत्र करून ‘वाँटेड! द आउटलॉज’ बाजारात आणली, आणि दहा लाख प्रतींची ‘प्लॅटिनम’ मान्यता मिळविणारी ती कंट्री संगीताची पहिली तबकडी ठरली. म्हणजे बंडखोरीचा मक्ताही अखेर कंपनीनेच घेतला. या तबकडीवरील चार गायकांतील एकमेव स्त्री जेसी कोल्टर हिची १९७५ ची स्वतंत्र तबकडी मात्र उगाच मागे पडली आहे.

रॉकच्या बाजूने हाच प्रवाह गाठणाऱ्यांत ग्रॅम पार्सन्स मला अधिक जवळचा वाटतो. बर्ड्‌स या वृंदासह १९६८ ची ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’, पुढल्या वर्षी दुसऱ्या वृंदासह केलेली ‘द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन’, आणि १९७३ मध्ये सव्विसाव्या वर्षी मृत्यू आल्यानंतर प्रकाशित झालेली ‘ग्रीव्हस एंजल’ एवढाच काय तो त्याचा मुख्य संसार. व्हॅन शिप्ले यांच्या हवाईयन गिटारवर चित्रपटगीते ऐकलेल्या पिढीस या तबकड्यांतील पेडल स्टील गिटारची मींड ओळखीची वाटेल. ती त्याच कुळातील आहे. याच वाटेवरील ईगल्स या वृंदाची ‘डेस्परॅडो’ गोड आहे, किंचित जास्तच.

नेल्सनचे मातीशी नाते मात्र गाण्यापुरते नव्हते. कर्जाने अमेरिकन शेतकऱ्यांची शेते लिलावात निघू लागली तेव्हा त्याने गायक नील यंग व जॉन मेलनकँप यांच्यासह २२ सप्टेंबर १९८५ रोजी इलिनॉयमधील शँपेन येथे ‘फार्म एड’ हा मोठा जलसा भरविला आणि पुढे शेतकऱ्यांची कैफियत थेट अमेरिकन काँग्रेसपुढे नेली. १९८७ मध्ये शेतीकर्जासंबंधीचा कायदा झाला. मग १९९० मध्ये सुमारे १ कोटी ६७ लाख डॉलरच्या करथकबाकीपोटी खुद्द त्याच्याच मालमत्तेवर जप्ती आली. ‘ट्रिगर’ ही त्याची भोक पडलेली गिटार मुलीने जप्तीआधीच हवाई बेटांकडे रवाना केली होती. केवळ गिटार व कंठ एवढ्यावर गायिलेल्या गीतांची ‘द आयआरएस टेप्स’ (आयआरएस म्हणजे तेथील करखाते) ही जोड-तबकडी त्याने १९९१ मध्ये कर फेडण्यासाठी विक्रीस काढली, आणि १९९३ मध्ये सरकारशी त्याची तडजोड झाली. निकड सरकारी देण्याची असूनही गाण्यात कोठे घाई नाही, यासाठी तरी ती ऐकावी.