हापसा बसवला, पुढे काय?

मराठवाड्यातले किंवा सोलापूरकडचे कुठलेही गाव घ्या. शाळेशेजारी, देवळामागे किंवा वस्तीच्या टोकाला एक हापसा असतोच. नळाला पाणी असेपर्यंत त्याच्याकडे कुणी पाहत नाही. वीज गेली, मोटार जळाली की मात्र घागरींची रांग तिथेच लागते. या साध्या यंत्रामागे परदेशी मदतीचा मोठा इतिहास आहे. ती मदत एकदा सपशेल फसली, मग सावरली, आणि सावरण्याचा मार्ग निघाला तो जालना आणि सोलापुरातून.

दुष्काळात आलेली यंत्रे

१९६६-६७ मध्ये बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशात भीषण दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. तोवर भारतात ‘युनिसेफ’ हे नाव दुधाची भुकटी आणि क्षयरोगाची लस यांच्याशी जोडलेले होते. या दुष्काळात संस्थेने कातळ फोडणारी बोअरची यंत्रे परदेशातून आणली. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या हातोड्याने ही यंत्रे खडकात अरुंद, खोल भोक पाडत. जिथे सुरुंग लावून विहीर खणायला महिने जात, तिथे हे काम दिवसांत होऊ लागले. पुढे ही यंत्रे कठीण खडकाच्या इतर राज्यांत गेली. महाराष्ट्राच्या काळ्या कातळाला ती फारच उपयोगी होती. १९७२ च्या दुष्काळानंतर तर बोअरची मागणी आणखी वाढली.

बोअर झाले, पाणी लागले. पण ते वर काढणारा पंप टिकेना. त्या वेळचे हातपंप बिडाचे होते. त्यांचा मूळ नमुना युरोप-अमेरिकेतल्या एखाद्या कुटुंबाच्या परसात, दिवसातून थोडा वेळ चालवण्यासाठी बनवलेला. इथे तोच पंप पहाटेपासून रात्रीपर्यंत शेकडो माणसे हापसू लागली. खिळी झिजली, दांडा मोडला, बीड तडकले. १९७४ च्या सुमारास झालेल्या पाहणीत चारपैकी तीन पंप बंद आढळले. कागदावर गावाला पाणी मिळाले होते, प्रत्यक्षात बायका पुन्हा जुन्या बारवेवर आणि नदीतल्या झऱ्यावर जात होत्या.

आरोग्याच्या दृष्टीने याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. लस एकदा घेतली की तिचे संरक्षण काही काळ तरी टिकते. शुद्ध पाण्याचे संरक्षण त्या दिवसापुरतेच असते. वर्षभर चांगले पाणी प्यायलेल्या मुलाला आठवडाभराच्या दूषित पाण्याने जुलाब, कॉलरा किंवा कावीळ होऊ शकते. म्हणून पंप बसला किती गावांत, यापेक्षा तो वर्षातले किती दिवस चालला, हा आकडा महत्त्वाचा.

जालना, सोलापूर आणि ‘मार्क टू’

पंप का मोडतो, हा प्रश्न दिल्लीच्या आधी महाराष्ट्रात विचारला गेला. जालन्यात ख्रिस्ती मिशनतर्फे बोअर घेण्याचे काम चाले. रोज मोडके पंप पाहणाऱ्या तिथल्या माणसांनी बीड सोडून पोलादाचा पंप करून पाहिला. सोलापुरात त्यात आणखी सुधारणा झाली. दांड्याच्या टोकाला साखळी आली, त्यामुळे आतली सळई तिरकी न ओढली जाता सरळ वर-खाली होऊ लागली. दांडा फिरतो त्या जागी बंद बेअरिंग आले आणि झीज कमी झाली. हा ‘सोलापूर पंप’ इतरांपेक्षा कितीतरी जास्त टिकला.

युनिसेफ आणि भारत सरकारने तोच आधार धरला. मद्रासच्या कारखान्यात आणि कोइमतूर भागातल्या गावांत चाचण्या होऊन १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. १९७९ मध्ये त्याचे भारतीय मानक निघाले. रचनेवर कुणाचे पेटंट ठेवले नाही, त्यामुळे अनेक कारखान्यांनी तो बनवला आणि पुढे आफ्रिकेतल्या देशांतही तो गेला. परदेशी मदतीने आलेल्या योजनेला सोलापूरच्या पंपाने पाय दिले, असे म्हणता येईल.

या पंपात डॉक्टरांच्या दृष्टीने मोलाची आणखी एक गोष्ट होती. त्याचा पायथा सिमेंटच्या ओट्यात पक्का रोवलेला असतो आणि सांडपाणी नालीने दूर जाते. ओटा शाबूत असेल तर भांडी घासलेले, जनावरांनी तुडवलेले पाणी परत बोअरमध्ये झिरपत नाही.

तरीही वॉशर झिजतोच. ‘मार्क टू’चा वॉशर बदलायला सगळे पाइप वर काढावे लागत. त्यासाठी तालुक्याहून पथक यावे लागे, आणि पथक येईपर्यंत पंप बंद. म्हणून पुढे ‘मार्क थ्री’ आला. त्यात पाइप न काढता आतला दट्ट्या वर घेता येतो. राजस्थानात बांसवाडा, डुंगरपूर भागात १९८६ पासून स्वीडन आणि युनिसेफच्या मदतीने चाललेल्या ‘स्वच्छ’ प्रकल्पात गावातल्या बायकांनाच पंपदुरुस्ती शिकवली गेली. पंप बंद पडल्यावर मैलभर चालावे लागते ते त्यांनाच; दुरुस्तीची घाईही त्यांनाच असणार.

नारू गेला, आर्सेनिक आले

या कष्टाचे सर्वांत मोठे फळ म्हणजे नारू. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत हा रोग होता. पायऱ्यांच्या विहिरीतले पाणी न गाळता प्यायले की सूक्ष्म जलकीटकांतून नारूच्या अळ्या पोटात जात. सुमारे वर्षाने हातभर लांब कृमी बहुधा पायातून फोड फोडून बाहेर येई. तोच पाय विहिरीत बुडाला की चक्र पुन्हा सुरू. यावर ना लस, ना कृमी मारणारे औषध. पाणी गाळणे, जलकीटक मारणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे आणि हातपंप चालू ठेवणे एवढेच उपाय. भारतात शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

पण याच इतिहासाची दुसरी बाजू बांगलादेशात दिसली. तळ्यांचे दूषित पाणी सुटावे म्हणून तिथे मदतीतून आणि नंतर लोकांच्या स्वतःच्या पैशातून लाखो कूपनलिका बसल्या. पाणी जंतूंपासून बरेच सुरक्षित होते. पण त्यात नैसर्गिक आर्सेनिक आहे का, हे कुणी तपासले नव्हते. १९९३ मध्ये ते सापडले, तोवर कोट्यवधी लोक ते पाणी पीत होते. त्वचेवर डाग, तळहातांवर गाठी आणि वर्षांनंतर कर्करोग, असा हा सावकाश होणारा विषप्रयोग. पुढे पंप तपासून धोक्याच्या पंपांना लाल आणि सुरक्षित पंपांना हिरवा रंग दिला गेला.

आपल्याकडे तोच धडा फ्लोराइडने दिला आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात ते जास्त आढळते. लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, मोठ्यांना कंबर आणि मान ताठणे ही त्याची लक्षणे. असे पाणी दिसायला नितळ आणि चवीला चांगलेच असते. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.

गावाने काय पाहावे?

परदेशी असो वा सरकारी, अनुदान बहुतेकदा बांधकामाला मिळते. वॉशरला, ओट्याच्या डागडुजीला, पाणीतपासणीला क्वचित. रोगराई मात्र तिथूनच शिरते. म्हणून ओट्याला तडा गेला असेल तर पावसाळ्यापूर्वी बुजवावा. हापशाभोवती डबके साचू देऊ नये, जनावरे बांधू नयेत. जवळ शौचालयाचा शोषखड्डा नको. पाण्याची जंतूंसाठी तपासणी पावसाळ्याआधी आणि नंतर करून घ्यावी, आणि रासायनिक तपासणीत फ्लोराइडचा आकडा ग्रामपंचायतीला आवर्जून विचारावा. आरोग्य खाते पाणीस्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देते. आपल्या गावाला कोणते कार्ड मिळाले आहे, हे ग्रामसभेत एकदा विचारून पाहावे.