इन्सुलिनचे मोजमाप

पेढीवर बसून दिवस काढणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांस मधुमेहाची ओळख करून द्यावयास नको. परंतु रक्तातील साखर मोजणे निराळे आणि ती साखर जिरविणारे इन्सुलिन मोजणे निराळे. हे दुसरे मोजमाप ज्यांनी शक्य केले, त्या डॉ. रोझलिन यालो यांच्या कार्याची हकीकत येथे देत आहोत.

सुतळी-कागदाचा लहानसा धंदा करणाऱ्या न्यूयॉर्कच्या एका गृहस्थाची ही कन्या, जन्म १९२१ चा. शिक्षण पदार्थविज्ञानाचे. ब्राँक्स येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात, झाडलोटीचे सामान ठेवण्याच्या खोलीत त्यांनी आपली प्रयोगशाळा थाटली. १९५० मध्ये डॉ. सॉलोमन बर्सन येऊन मिळाले. बर्सन वैद्यकातले, यालो मोजमापातल्या. अशी परस्परपूरक भागी व्यापारातही क्वचितच जमते.

प्रौढांच्या मधुमेहात यकृत इन्सुलिनचा फार लवकर नाश करीत असावे, असे मत त्या काळी मांडले गेले होते. ते पडताळण्यासाठी या दोघांनी इन्सुलिनला किरणोत्सर्गी आयोडीनची खूण लावून ते टोचले. निष्कर्ष उलटाच निघाला! पूर्वी इन्सुलिन घेतलेल्यांच्या रक्तात ते अधिक काळ रेंगाळत होते. त्या काळचे इन्सुलिन गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेले असे. शरीर त्यास परके समजून प्रतिपिंडे तयार करी, आणि ती त्यास धरून ठेवीत. इतक्या लहान प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे होतात हे तज्ज्ञांस पटेना. निबंध नाकारला गेला. शेवटी मथळ्यातून 'प्रतिपिंड' हा शब्द गाळल्यावर १९५६ साली तो छापला गेला. नकाराचे ते पत्र यालोबाईंनी जपून ठेवले आणि १९७७ च्या नोबेल व्याख्यानात जगासमोर मांडले. हा स्वाभिमान आम्हांस आवडतो.

याच प्रतिपिंडांतून पुढे तराजू निर्माण झाला. पंगतीत पाट ठरावीक असावेत आणि खूण केलेले पाहुणे आधीच मोजून आत सोडावेत, तसे हे आहे. बिनखुणेचे जितके अधिक येतील, तितके खुणेचे पाटावाचून राहतील. पाट म्हणजे प्रतिपिंडे, बिनखुणेचे पाहुणे म्हणजे रुग्णाच्या रक्तातील इन्सुलिन. पाटावर खुणेचे किती बसले हे मोजले की बिनखुणेच्यांची संख्या कळते. या रीतीने असे दिसून आले की, प्रौढ वयात मधुमेह जडलेल्या पुष्कळांच्या रक्तात इन्सुलिन असते, कधी निरोग्यापेक्षा अधिकही असते. शरीर त्यास दाद देत नाही.

या पद्धतीचे एकस्व दोघांनीही घेतले नाही. नफ्यातोट्याचा विचार करणाऱ्या आमच्यासारख्यांनी येथे क्षणभर थांबावे. बर्सन १९७२ मध्ये निवर्तले, आणि मृतास नोबेल देत नसल्याने १९७७ चा मान या दोघांपैकी यालोंच्याच वाट्यास आला. त्यांनी आपल्या प्रयोगशाळेस बर्सन यांचे नाव आधीच दिले होते.

प्राण्यांपासून काढलेले इन्सुलिन घ्यावे की नाही, हा आमच्या घरांतील अवघड प्रश्न होता. जंतूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेण्याच्या पद्धतीस १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि तो बराच सैल झाला. मात्र यालो-बर्सन यांची प्रतिपिंडे गिनीपिगच्या रक्तातून घेतलेली होती, हेही नमूद केले पाहिजे.

आज थायरॉइडच्या तपासणीतही प्रतिपिंडांचाच उपयोग होतो. खूण मात्र बहुधा किरणोत्सर्गी नसते. इन्सुलिन टोचून घेणाऱ्यास डॉक्टर कधी 'सी-पेप्टाइड' तपासावयास सांगतात. टोचलेल्या इन्सुलिनबरोबर ते येत नाही, म्हणून रुग्णाचे स्वतःचे स्वादुपिंड अद्याप किती काम करते ते त्यावरून समजते.