बोरूची धार बोथट होऊ नये

कोणतीही कला एका दिवसात मरत नाही. आधी तिचे काम जाते, मग कारागीर जातात आणि अखेर तेवढे कौतुक उरते. इस्लामी सुलेखनकला आपल्याकडे आज या शेवटच्या पायरीवर उभी आहे, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

मशिदीत मूर्तीला वा चित्राला स्थान नसल्याने तेथे अक्षर हाच अलंकार झाला. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुक्ला याने त्या अक्षरांना प्रमाण दिले. बोरूच्या तिरप्या टोकाने उमटणारा ठिपका, म्हणजेच नुक्ता, हे माप धरून प्रत्येक अक्षराची उंची व रुंदी ठरली. सौंदर्यामागे असे कडक गणित आहे.

ही कला आपणांस परकी नाही. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, दमडी मशिदीत ती दगडात कोरलेली आहे. विजापूरच्या इब्राहिम रोज्यात तर खिडक्यांच्या जाळ्याच अरबी अक्षरांच्या आहेत. तेथे चिरनिद्रा घेणाऱ्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने (१५८०–१६२७) खलीलुल्ला या सुलेखनकारास 'पादशाह-ए-कलम' हा किताब दिला होता. कलम, दौत, शाई, कागद, दफ्तर हे शब्द मराठीने त्याच परंपरेतून घेतले, आणि ज्या बोरूने कातिब लिही त्याच बोरूने आमचे चिटणीस मोडी लिहीत.

मग ही कला ओसरली कशाने? धर्मद्वेषाने नव्हे, रोजगार गेल्याने. मुंबईच्या उर्दू दैनिकांचा मजकूर एके काळी कातिब हाताने लिहून देत आणि त्यावरून पाने छापली जात. १९८१ साली 'नूरी नस्तालीक' हा संगणकीय टंक लाहोरच्या 'जंग' दैनिकात अवतरला, १९९०च्या दशकात 'इनपेज' ही प्रणाली आली आणि कातिबाची बैठक उठली. यंत्राला दोष देणे व्यर्थ आहे. पण त्या टंकाची हजारो अक्षरजुळणी मिर्झा अहमद जमील यांच्या हातानेच प्रथम लिहिली होती, हे विसरून कसे चालेल? हातच उरला नाही, तर उद्याच्या यंत्राला वळण कोण देणार?

या प्रश्नाचे उत्तर सिल्वासाकरांच्या अंगणातच आहे. दादरा व नगरहवेलीत, तसेच शेजारच्या डहाणू-जव्हारकडे वारली समाज राहतो. तांदळाच्या पिठाने कुडाच्या भिंतीवर रेखलेली त्यांची चित्रे १९७०च्या दशकात कागदावर आली, त्यांना गिऱ्हाईक मिळाले आणि जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंताचे नाव देशोदेशी गेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कला नुसत्या कौतुकावर जगली नाही. तिला काम मिळाले म्हणून जगली.

तोच न्याय सुलेखनास लावावा. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेने अन्यत्र सुलेखनाचे वर्ग उघडले आहेत. सिल्वासात मराठी, गुजराती, हिंदी व उर्दू बोलणारी माणसे कारखान्यांच्या निमित्ताने एकत्र नांदतात. तेथील एखाद्या शाळेने आठवड्यातून एक तास बोरू, देवनागरी, मोडी व नस्तालीक यांना द्यावा. संस्थांनी आपली मानपत्रे, निमंत्रणे व पाट्या त्या हातांकडून लिहून घ्याव्यात. खर्च थोडा आहे. मोल कळत असूनही काम न देणे, हीच खरी अनास्था होय.